शेजारच्या दोन मूळ संख्या

माझ्या नवऱ्याच्या डोक्याला सहाशे सतरा आकड्यांचं कुलूप होतं. थट्टा नाही, खरंच होतं, आणि त्याची किल्ली हरवली होती.

आधी नवऱ्याविषयी सांगते. जालिंदर थोरात, उंब्रज ग्रामपंचायतीचे निवृत्त पाणीवाले. आयुष्यभर मी त्यांना 'अहो' म्हणत आले. इथे मात्र नावाने लिहिणार आहे, कागदावर तरी ती हौस भागू दे. गावातल्या सगळ्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह त्यांच्या ताब्यात होते. मी, शैलजा थोरात, त्याच गावच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. गाव म्हणायचं, थोरातांच्या घरातला एक पाणी सोडतो आणि दुसरी घाम काढते.

साठीनंतर त्यांना कंपवाताने गाठलं. आधी उजवा हात थरथरू लागला, मग पावलं जमिनीला चिकटू लागली. २०३७ साली पुण्यात त्यांच्या मेंदूत केसाएवढ्या दोन तारा बसवल्या आणि छातीत, कातडीखाली, काडेपेटीएवढी डबी. ही डबी मेंदूतले संकेत ऐकते आणि लागेल तेवढी अगदी बारीक वीज आत सोडते. थरथर थांबली. जालिंदर पुन्हा चालू लागले, पुन्हा भाजीवाल्याशी, बसच्या कंडक्टरशी आणि माझ्याशी भांडू लागले. मला इतकं बरं वाटलं होतं की पहिला महिनाभर मी उलट उत्तरही दिलं नाही.

आजार मात्र आपल्या चालीने पुढे जात राहतो. दर वर्षा-दीड वर्षाने डबीची वीज वाढवावी लागते. डॉक्टर आपल्या टॅबवरून बिनतारी आज्ञा देतात आणि डबी ती ऐकते. पण उद्या बसमध्ये शेजारी बसलेल्या कुणी खिशातल्या फोनवरून आज्ञा सोडली तर? म्हणून प्रत्येक आज्ञेवर कंपनीचा शिक्का असावा लागतो. शिक्का नसेल तर डबी ढिम्म हलत नाही. आणि तो शिक्का तयार होतो संख्येपासून.

जरा लक्ष द्या, अवघड नाही. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांशिवाय दुसरं कुणी निःशेष भागत नाही. अशा दोन घ्यायच्या आणि गुणायच्या. ८९ गुणिले ९७ हे सातवीतलं पोरसुद्धा करतं, ८६३३ येतात. पण नुसते ८६३३ हातात देऊन 'कोणाकोणाचा गुणाकार ते सांग' म्हटलं की तेच पोर दप्तर आवरायला लागतं. संख्या सहाशे सतरा आकडी असली तर पोरच काय, जगातले सगळे साधे संगणक मिळूनही विश्वाच्या वयात तिचे अवयव पाडू शकत नाहीत. आज्ञेवर शिक्का मारायला ते दोन अवयव लागतात. शिक्का खरा की खोटा हे पाहायला नुसता गुणाकार पुरतो. त्यामुळे गुणाकार बिनधास्त जाहीर करायचा आणि अवयव तिजोरीत ठेवायचे. देशातल्या साडेतीन हजार लोकांच्या डब्यांमध्ये कंपनीने हा एकच गुणाकार कोरला होता.

मग कंपनीचं दिवाळं निघालं. देणेकऱ्यांनी खुर्च्या नेल्या, यंत्रं भंगारात गेली, आणि त्या भंगारात कुठेतरी दोन मूळ संख्याही गेल्या.

कराडच्या डॉ. मृणाल कोपर्डे जालिंदरवर उपचार करत होत्या. त्यांनी तिसऱ्यांदा टॅब डबीजवळ धरला, पडद्यावर तिसऱ्यांदा तीच लाल ओळ आली, 'अधिकार सिद्ध झाला नाही', आणि त्यांनी टॅब उलटा ठेवला.

"नवीन डबी बसवता येईल, पण यांच्या हृदयाची झडप बघता भूल झेपणार नाही," त्या म्हणाल्या. "असले गुणाकार फोडणारी पुंजयंत्रं, म्हणजे क्वांटम संगणक, आता परदेशात आहेत. मी दोन ठिकाणी लिहिलं होतं, बाई. दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं. सरकारांच्या कामातून त्यांना सवड नाही."

"मग?" मी विचारलं.

"जेवताना जपा. घसा आखडत चाललाय. मला त्याचीच जास्त भीती वाटते."

ती भीती मला त्याआधीच बसली होती. साधं पातळ पाणी त्यांच्या श्वासनलिकेत जायचं आणि ते काळेनिळे पडायचे. म्हणून मी पाण्यात एक पावडर घालून ते खळीसारखं दाट करायची आणि चमच्याने भरवायची. ज्या माणसाने तीस वर्षं गावाला पाणी पाजलं त्याला मी पाणी चमच्याने भरवत होते. त्या वेळी ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघायचे. मला रडू यायचं आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी उगाच पावडर संपत आल्याबद्दल बोलायची.

*

हातात करण्यासारखं काही उरलं नाही की काही बायका वाटाणे सोलतात, मी अवयव पाडते. त्या दुपारी जालिंदर आरामखुर्चीत झोपले होते. रुग्णाला दिलेल्या ओळखपत्रावर ती संख्या होतीच, तिच्यात काही गुपित नव्हतं. मी ती लॅपटॉपवर घेतली. काही निघेल अशी आशा मुळीच नव्हती. चालढकल करणाऱ्या पोराला मी फळ्याजवळ उभं करायची, तशी मला ती संख्या समोर उभी करायची होती, बस्स.

दोनाने भाग जात नाही. तिनाने नाही, साताने नाही, अकराने नाही. संगणकाला पहिल्या कोटभर मूळ संख्यांनी भागायला लावलं. नाही. मग मला आठवीचं सूत्र आठवलं. म्हणजे विसरले होते असं नाही, ते शिकवण्यात माझी हयात गेली. दोन वर्गांची वजाबाकी: अ वर्ग वजा ब वर्ग बरोबर अ अधिक ब गुणिले अ वजा ब.

पुन्हा ८६३३ घ्या. त्याचं वर्गमूळ ९३ पेक्षा किंचित कमी येतं. ९३ चा वर्ग ८६४९. त्यातून ८६३३ वजा केले की उरतात १६, आणि सोळा हा चाराचा वर्ग. झालं काम. ९३ वजा ४ म्हणजे ८९ आणि ९३ अधिक ४ म्हणजे ९७. भागाकार करत बसायची गरजच नाही. पण ही युक्ती चालते कधी? दोन अवयव एकमेकांच्या अगदी जवळ असतील तेव्हाच. लांब असतील तर ९३ नंतर ९४, मग ९५, असं करत करत तुम्ही म्हातारे होऊन मराल. कुलूप बनवणारे शहाणे लोक म्हणूनच दोन संख्या एकमेकींपासून दूरच्या निवडतात. हे इतकं उघड आहे की कुणी तपासतसुद्धा नाही.

मी वर्गमूळ काढलं, वरची पूर्ण संख्या घेतली, तिचा वर्ग केला आणि त्यातून कंपनीची संख्या वजा केली.

सहाशे सतरा आकड्यांतून उरले सहा. ४९८४३६.

मी उठले आणि गॅस बंद आहे का ते बघून आले. गॅस लावलेलाच नव्हता. परत येऊन मी या सहा आकड्यांचं वर्गमूळ कागदावर काढलं, कारण संगणकावर माझा विश्वास बसेना. ७०६. नेमके ७०६, पुढे काही नाही.

म्हणजे त्या दोन मूळ संख्या, प्रत्येकी तीनशे नऊ आकड्यांच्या, एकमेकींपासून फक्त चौदाशे बारा अंतरावर होत्या. इतक्या मोठ्या संख्यांच्या जगात हे म्हणजे भिंतीला भिंत लावून घरं. सुरुवातीचे तीनशेहून अधिक आकडे दोघींचे तेच, फक्त शेवटी चार आकडे निराळे. मी त्यांचा गुणाकार करून पाहिला. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. संख्येचे मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात, दुसरी जोडी असूच शकत नाही. त्यामुळे कुणाला विचारायची गरज नव्हती. किल्ली माझ्यासमोर होती.

*

जालिंदर जागे झाले तेव्हा मी त्यांच्या पायाशी स्टुलावर बसले होते.

"काय गं? तोंड का असं केलंस?" ते म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवसांत फार बारीक झाला होता.

मी सांगितलं. सूत्रासकट सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"किती वेळ लागला?"

"लागलाच नाही."

"मग ती कंपनी इतकी वर्षं राखत काय बसली व्हती?" त्यांना हसू आलं, हसताना ठसका लागला, मी पाठ चोळली. श्वास सावरल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"आणि दुसऱ्या कुणाला ही युक्ती सुचली तर?"

"सुचेलच. आठवीत आहे ती."

जालिंदरनी डोळे उघडले. "म्हंजी साडेतीन हजार माणसांच्या घराला कडी न्हाई, आन् कुणाला ठावं न्हाई. आत्ता डॉक्टरांना फोन लाव."

मला आधी फक्त त्यांच्याच घशाचं सुचलं होतं, हे कबूल करते. मी फोन लावला.

*

चार दिवसांनी कराडच्या रुग्णालयात एका बंद खोलीत आम्ही चौघं होतो. चौथे केदार सबनीस. डबीला आज्ञा कशी लिहायची आणि तिच्यावर शिक्का कसा उमटवायचा हे ज्यांना ठाऊक होतं असे कंपनीचे जुने अभियंते. आता ते वाईजवळ शेती करतात. डॉ. कोपर्डे यांनी त्यांना शोधून आणलं होतं. मी कागदावर लिहिलेले शेवटचे चार-चार आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि त्यांचा चेहरा पडला.

"मुहूर्त होता," ते म्हणाले.

"काय होता?" डॉक्टरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"संख्या काढण्याचा मुहूर्त. मालकांच्या वडिलांनी गुरुजींकडून काढून आणला होता. यंत्रासमोर पाट, रांगोळी, नारळ, सगळं. ते यंत्र खरोखरीचे अनपेक्षित आकडे काढायचं, प्रत्येक संख्या मूळ आहे याची पुरी सिद्धता द्यायचं, म्हणून फार सावकाश चालायचं. पहिली संख्या येईपर्यंत मुहूर्त संपत आला. गुरुजी घड्याळ बघत होते, मालक माझ्याकडे बघत होते. दुसरी तशीच नव्याने शोधायची तर वेळ टळली असती. मग मी पहिलीच्या पुढे एकेक विषम संख्या तपासत गेलो. जी पहिली मूळ निघाली ती घेतली. नारळ वेळेवर फुटला."

"आणि नंतर बदलली नाही?" मी विचारलं. माझा वर्गातला आवाज बाहेर आला असावा, कारण सबनीस उभे राहिले.

"पुढच्या आठवड्यात बदलू म्हणत होतो, बाई. पुढच्या आठवड्यात पहिल्या डब्या लोकांच्या छातीत गेल्या."

मग खुर्चीतून जालिंदर म्हणाले, "साहेब, खाली बसा. तुम्ही काम नीट केलं असतं तर मी मेलो असतो की."

सबनीस बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला त्यांचा राग धरून ठेवता येईना.

पुढचं डॉक्टरांनी ठरवलं होतं. देशभरातल्या मोजक्या डॉक्टरांना विश्वासात घ्यायचं. प्रत्येक रुग्णाला तपासणीच्या निमित्ताने बोलवायचं आणि जुन्या किल्लीने डबी उघडून तिच्यात नवी संख्या बसवायची, ज्याची त्याची वेगळी. सगळ्यांचं झाल्यावरच जाहीर करायचं. पण कंपनी बुडाल्यापासून अशा आज्ञा कुणी दिल्या नव्हत्या. पहिल्यांदा चुकली तर डबी बंद पडू शकत होती, आणि ज्याची पडेल त्याचं अंग लाकडासारखं ताठ होणार होतं. पहिलं कुणाचं करायचं हे विचारायचं धाडस डॉक्टरांना होत नव्हतं.

"माझ्यापासून सुरू करा," जालिंदर म्हणाले. "उगं माझं तोंड बघत बसू नका."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, त्यावरून मला कळलं की तेही घाबरलेत.

सबनीसांनी आज्ञेवर शिक्का उमटवला. डॉक्टरांनी टॅब छातीजवळ नेला. लाल ओळ आली नाही. डबीने ऐकलं.

मग डॉक्टर वीज पायरी-पायरीने वाढवू लागल्या. पहिल्या पायरीला बोटांची थरथर कमी झाली. दुसरीला खांदे सैल पडले. तिसऱ्या पायरीवर जालिंदरच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या आठ्या मावळल्या. ते माझ्याकडे बघून हसले. असं मोकळं हसणं मी लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

"शैला," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत चारचौघांत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. "ही साडी चांगली दिसती गं तुला. आपण ऋजुताकडं नागपूरला राहायला जाऊ. पोरगी एवढी बोलावती. घर काय, विकू की. काय अडलंय?"

ऋजुता आमची मुलगी. तिने आम्हाला नागपूरला कायमचं यायला सांगावं आणि जालिंदरनी ताडकन नाही म्हणावं, असं पाच वर्षं चाललं होतं. नातवंडांना मी फोनच्या पडद्यावरच मोठं होताना पाहत होते. त्या नकारापायी मी किती वेळा स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली होती, ते माझं मला माहीत.

"डॉक्टर," मी म्हणाले, "इथेच ठेवता नाही का येणार?"

डॉ. कोपर्डे यांनी टॅबवरून मान वर केली. "ही पायरी मनाला लागतेय, बाई. घशापर्यंत अजून पोचलेलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण घसा सुटल्यावर मनाचं वेगळं खालीवर करता येतं. या डबीत तेवढी सोय आहे." आणि त्यांनी पुढची पायरी दाबली.

जालिंदरचं हसू ओसरलं. आठ्या एकेक करून जागेवर आल्या. त्यांनी आवंढा गिळला, पुन्हा गिळला. डॉक्टरांनी स्टीलच्या पेल्यात साधं पाणी दिलं, पावडर न घालता. त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि घोट घेतला. ठसका लागला नाही. त्यांनी पेला रिकामा केला आणि म्हणाले, "पाणी कोमट हाय. क्लोरीन बी जास्त झालंय."

मी सगळ्यांदेखत रडले. लपवायचं काही कारण उरलं नव्हतं.

*

राहिली होती नवी संख्या. यंत्र जालिंदरसाठी दोन नव्या मूळ संख्या काढणार होतं, या वेळी दूरदूरच्या. गुणाकार डबीत जाणार आणि दोन अवयव एका लहानशा कार्डावर. कार्ड कुणाकडे राहील हे रुग्णाने सांगायचं. मी पर्समध्ये कप्पासुद्धा रिकामा करून ठेवला होता.

"कार्ड तुमच्यापाशीच राहू द्या डॉक्टर," जालिंदर म्हणाले. "मी शुद्धीत असताना माज्या तोंडून हो निघाल्याबिगर काई बदलायचं न्हाई. आन् हिच्याकडं द्यायचं न्हाई."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. डॉक्टर 'पाच मिनिटांत येते' म्हणून बाहेर गेल्या, सबनीसही त्यांच्यामागे गेले.

"माझ्याकडे नाही?" मी म्हणाले. "सहाशे सतरा आकड्यांची संख्या मी फोडली. चमच्याने पाणी मी पाजलं. आणि किल्ली परक्याकडे?"

"व्हय."

"का ते तरी सांगा!"

"मी ऐकलं मघाशी," जालिंदर म्हणाले. "तू डॉक्टरांना काय विचारलंस ते. मी हसत व्हतो, पर कान शाबूत व्हते."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली रुग्णालयाच्या आवारात एक माणूस बायकोला स्कूटरवर नीट बसवत होता.

"मी चिडलेलो न्हाई," मागून त्यांचा आवाज आला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा भरदार झाला होता. "हिकडं ये. बस. तीस वर्षं व्हॉल्व्हची लांब चावी माझ्या खांद्यावर व्हती. माझ्यासारखा सरळ माणूस न्हाई, असं गाव म्हणायचं. पर शिंदे मला चारचौघांत वाईट बोलला, तवा त्याच्या गल्लीत दोन दिवस पाणी बारीक सोडलं मी. व्हॉल्व्ह खराब हाय म्हणून सांगितलं. कुणाला कळलं न्हाई. शिंद्याच्या घरात बाळंतीण व्हती, ते मला मागनं कळलं. हातात चावी असली की माणसाचा हात जातो गं. तू तर शाळेतली बाई हायस. चूक दिसली की तुला लाल पेन उचलल्याबिगर राहवत न्हाई."

"मी कधीच तसं केलं नसतं." हे म्हणतानाच मला कळत होतं की मी एकदा विचारून बसले आहे.

"नसतं केलंस. पर मी नागपूरला न्हाई म्हणल्यावर दर वेळी तुला ती पायरी आठवली असती. आन् मी कधी गोड बोललो तर मला वाटलं असतं, हिनं रात्री काही फिरवलं का काय. मला तुझ्याशी भांडता आलं पायजे. खरंखुरं. गोड बोललो तरी ते माझं पायजे."

मग शिक्षकी डोकं चालू लागलं आणि मी म्हणाले, "असं करू. दोन अवयव आहेत ना? एक तुमच्याकडे ठेवा, एक माझ्याकडे. म्हणजे एकट्याला कुणालाच..." आणि मीच थांबले.

"का थांबलीस?"

"नाही जमत. गुणाकार जाहीर असतो. ज्याच्याकडे एक अवयव, त्याने साधा भागाकार केला की दुसरा त्याच्या हातात."

जालिंदर मोठ्याने हसले. ठसका लागला नाही. "म्हंजी अर्धं द्यायची सोयच न्हाई म्हण की."

"नाही. द्यायचं तर सगळंच जातं."

"मग बाकी सगळं तुलाच दिलंय मी," ते म्हणाले. "एवढं एक राहू दे माझ्यापाशी."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुखलं होतं, ते लगेच थांबलं असं नाही. पण ते बरोबर बोलत होते, आणि बरोबर उत्तराला मी आजवर कधी काट मारलेली नाही.

डॉक्टर परत आल्या. संख्या काढताना खोलीत फक्त रुग्ण आणि कार्ड सांभाळणारा असावा असा त्यांचा नियम होता. मी उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. बाकावर बसले. भिंतीपलीकडे दोन मूळ संख्या जन्माला येत होत्या आणि त्यांच्या गुणाकारात माझ्या माणसाचं हसणं, चिडणं, चालणं, गिळणं सगळं बंद होणार होतं. तो गुणाकार नंतर मला ओळखपत्रावर दिसेल. त्याचं वर्गमूळ काढायला मला दोन क्षण पुरतील. मी ते काढणार नाही. काही निघणार नाही म्हणून नव्हे, निघालं तरी मला नको आहे म्हणून. एखाद्या संख्येचे अवयव पाडू नयेत असं मला आयुष्यात प्रथमच वाटत होतं.

पुढच्या सहा आठवड्यांत साडेतीन हजार डब्यांना नव्या संख्या मिळाल्या. मग जुनीचे अवयव वर्तमानपत्रांत छापून आले तेव्हा ते कशाचंच कुलूप उघडत नव्हते. हायस्कूलने माझा सत्कार ठेवला. जालिंदर तिथे पहिल्या रांगेत बसून माइक नीट लागत नाही म्हणून शिपायावर ओरडत होते.

पण ते पुढचं. त्या दिवशी आम्ही कराडहून उंब्रजच्या बसमध्ये बसलो तेव्हा ऋजुताचा फोन आला. बाबांचा आवाज ऐकून ती आधी रडली, मग हसली, आणि मग तिने नेहमीचं काढलं: आता तरी या ना दोघं इकडे.

"न्हाई म्हणजे न्हाई!" जालिंदर इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. "माझं घर हितं हाय. तुझ्या बाराव्या मजल्यावर मी काय कबुतरं मोजू?"

मी त्यांच्या हातातून फोन घेतला, 'नंतर बोलते बाळ' म्हणाले आणि त्यांच्याकडे वळले. किती दिवसांनी मला त्यांच्यावर चिडायला मिळत होतं. आजारी माणसावर चिडता येत नाही. तुम्ही हट्टी आहात म्हणाले, तुम्हाला नातवंडांची माया नाही म्हणाले, मी एकटीच जाऊन राहीन बघा, असंही म्हणाले. त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं, तेही चढ्या आवाजात. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि न देताच पुढे गेला. बोलता बोलता मला जाणवलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय आणि माझ्या मनात कुठलीच पायरी नाही. समोर फक्त जालिंदर होते, पुरते लालबुंद झालेले.

मग दोघंही दमलो. तासवड्याचा टोलनाका मागे गेला. जालिंदर खिडकीबाहेर बघत होते.

"दिवाळीला जाऊ," ते म्हणाले.

"काय?"

"नागपूरला. आठ दिवस. नवव्या दिवशी मी परत येणार, तू ये नाहीतर नको येऊ."

मी पर्समधून तिकिटाचे पैसे काढू लागले. बोलले असते तर पुन्हा रडले असते, आणि बस भरलेली होती. पाच वर्षं भांडून मला आठ दिवस मिळाले होते, आणि ते आठच्या आठ त्यांनी स्वतःच्या मनाने दिले होते.